रेव्हरंड नारायण वामन टिळक : एका शोधकाची वाट आणि आपल्यासाठी बोध

अल्लाह तआलाने पवित्र कुरआनात हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांचा नामोल्लेख पंचवीस वेळा केला आहे. त्यांच्या मातेच्या, हजरत मरयम यांच्या नावाने एक स्वतंत्र सूरह आहे. जो मुसलमान हजरत ईसा (अ.) यांना अल्लाहचे पैगंबर मानत नाही, त्याचे ईमान पूर्ण होत नाही. त्यामुळे ईसा (अ.) यांचा संदेश लोकांनी कसा ऐकला, कोणी स्वीकारला, कोणी नाकारला आणि का, हा विषय आपल्याला परका नाही. सूरह सफ्फच्या अखेरीस असे सांगितले आहे, की बनी इस्राईलमधील एका गटाने ईमान आणले आणि दुसऱ्या गटाने कुफ्र केले. ही विभागणी त्या एका काळापुरती राहिली नाही. प्रत्येक युगात आणि प्रत्येक भूमीत ती पुन्हा घडत आली आहे. आपल्या मराठी भूमीतही घडली. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे जीवन. या जीवनाला कलाटणी देणारा प्रसंग आपल्या नागपूरहून निघालेल्या आगगाडीत घडला.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. वडील वामनराव तापट स्वभावाचे होते. माता जानकीबाई भाविक होती आणि तिला काव्याची आवड होती. नारायण लहान असतानाच मातेचे छत्र हरपले. त्यानंतर त्यांनी घर सोडले आणि ते नाशिकला आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले, थोडे इंग्रजी शिक्षणही घेतले. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका या बालिकेशी त्यांचा विवाह झाला. हीच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून मराठी साहित्यात अजरामर झाली.

विवाहानंतरही टिळकांचे पाय एका जागी ठरले नाहीत. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी छापखान्यातील नोकर अशी कामे करीत ते गावोगावी फिरले. उदरनिर्वाहाची विवंचना होतीच, परंतु तिच्या जोडीला अंतःकरणातही एक अस्वस्थता होती. देशातील दुरवस्थेचे मूळ धर्माच्या नावाने चाललेल्या भेदभावात आहे, असे त्यांना वाटू लागले होते. जातिभेद आणि मूर्तिपूजा यांवरील त्यांचा विश्वास, ख्रिस्ती धर्माशी गाठ पडण्यापूर्वीच ढासळला होता. सृष्टीचा निर्माता एक आहे आणि सर्व मानव परस्परांचे भाऊ आहेत, या विचारापर्यंत ते स्वतःच्या चिंतनाने पोहोचले होते. वाचकहो, या ठिकाणी क्षणभर थांबावे. ज्याला आपण फितरत म्हणतो, म्हणजे प्रत्येक मानवाच्या ठायी अल्लाहने ठेवलेली सत्याची स्वाभाविक ओढ, तिचेच हे लक्षण होते.

याच काळात ते नागपूरला आले. येथील धनिक अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना संस्कृत ग्रंथांच्या संकलनाचे काम मिळाले. नागपूर तेव्हा ख्रिस्ती मिशनला अपरिचित नव्हते. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्येच येथे आले होते आणि त्यांनी १८४६ मध्ये सुरू केलेल्या शाळेतून पुढे हिस्लॉप कॉलेज उभे राहिले. परंतु टिळकांपर्यंत ईसा (अ.) यांचे नाव पोहोचले, ते कोणत्याही संस्थेच्या द्वारातून नव्हे. नागपूरचे काम संपल्यावर राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळेल या आशेने ते आगगाडीने निघाले. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. त्यांनी या साध्या वेषातील ब्राह्मण प्रवाशाशी अदबीने संभाषण केले, काव्याविषयी चर्चा केली आणि निरोप घेताना त्यांच्या हाती बायबलची एक प्रत दिली. आपण दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्यांनी केले. टिळकांना ते पटले नाही, तथापि पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी दिले आणि ते पाळले. त्या प्रवाशाचे नाव त्यांना अखेरपर्यंत कळले नाही.

ग्रंथ वाचताना प्रारंभी त्यांचे मन रमले नाही. परंतु मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाशी ते आले, तेव्हा त्यांना तेथून दूर होववेना. शत्रूचेही भले चिंतावे, दान गुप्तपणे द्यावे, प्रार्थनेचे प्रदर्शन करू नये, दुसऱ्याच्या दोषापूर्वी स्वतःचा दोष पाहावा, ही त्या प्रवचनाची शिकवण आहे. अंतःकरणाच्या शुद्धीचा हा आग्रह मुसलमान वाचकाला ओळखीचा वाटेल, कारण इख्लास आणि रिया यांविषयी आपल्या दीनची शिकवण हीच आहे.

त्याच शुभवर्तमानात एका पेरणाऱ्याचा दृष्टान्त आहे. त्याचे काही बी वाटेवर पडते आणि पाखरे ते टिपून नेतात. काही खडकाळ जागी पडते, त्वरित उगवते आणि उन्हाने करपते. काही काटेरी झुडपांत पडते आणि गुदमरते. काही मात्र चांगल्या जमिनीत पडून अनेक पटींनी पीक देते. बी म्हणजे संदेश आणि जमीन म्हणजे ऐकणाऱ्याचे हृदय, असा त्याचा अर्थ तेथेच सांगितला आहे. विशेष असे, की सूरह फत्हच्या अंतिम आयतीत रोपाचा कोंब फुटून तो बळकट होण्याची उपमा इंजीलमधील म्हणून सांगितली आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अरबी भाषेत कुफ्र या शब्दाच्या मुळाशी झाकणे हा अर्थ आहे. सूरह हदीदमध्ये शेतकऱ्यांसाठी याच धातूपासूनचा शब्द आला आहे, कारण शेतकरी बी मातीने झाकतो. परंतु शेतकरी झाकतो ते उगवावे म्हणून, आणि सत्य नाकारणारा झाकतो ते उगवू नये म्हणून. कुफ्र म्हणजे केवळ अज्ञान नव्हे. ओळखलेले सत्य जाणूनबुजून दडपणे, हे त्याचे गंभीर रूप आहे.

शुभवर्तमानांत नाकारणाऱ्यांचे अनेक प्रकार दिसतात. नासरेथच्या रहिवाशांनी ईसा (अ.) यांना नाकारले, ते अतिपरिचयामुळे. आपल्या डोळ्यांदेखत वाढलेला हा मुलगा आपल्याला काय शिकवणार, असे त्यांना वाटले. एक श्रीमंत तरुण खिन्न होऊन परतला, कारण त्याला संपत्ती सोडवेना. धर्मनेते विरोधी झाले, कारण त्यांची प्रतिष्ठा धोक्यात आली. काही अनुयायी शिकवण कठीण वाटताच मागे फिरले. मक्केतील कुरैशने आपल्या प्रिय पैगंबर हजरत मुहम्मद (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) यांना नाकारले, त्याची कारणेही हीच होती.

टिळकांपुढेही ही सर्व कारणे उभी होती. जात, प्रतिष्ठा, आप्तेष्ट आणि संसार यांची किंमत त्यांना मोजावी लागणार होती. त्यांनी आपल्या शंका लिहून पाठविल्या, उत्तरे मागविली, पुष्कळ मंथन केले. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घराण्यावर जणू वीज कोसळली. पत्नीची संमती त्यांनी घेतली नव्हती. लक्ष्मीबाईंच्या दुःखाला पारावार राहिला नाही. लहान दत्तूला घेऊन त्या सुमारे साडेचार-पाच वर्षे नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पती जिवंत असूनही संसार उरला नाही, अशी ती अवस्था होती.

येथे आपल्या सीरतमधील एक प्रसंग आठवतो. पैगंबरांच्या कन्या हजरत जैनब (रजि.) यांचे पती अबुल आस दीर्घकाळ इस्लामपासून दूर राहिले. दोघे कित्येक वर्षे वियोगात होते. त्या काळात कोणावर बळजबरी झाली नाही. अबुल आस यांनी स्वेच्छेने इस्लाम स्वीकारला, तेव्हाच ते कुटुंब पुन्हा एकत्र आले. हजरत इब्राहीम (अ.) यांना पित्याने दगडांनी मारण्याची धमकी दिली आणि दूर निघून जाण्यास सांगितले, तरी त्यांनी पित्याला सलाम केला आणि त्याच्यासाठी क्षमायाचना करण्याचे वचन दिले, असे सूरह मरयममध्ये आहे. सूरह लुकमानमध्ये तर स्पष्ट आज्ञा आहे, की आईवडील शिर्कसाठी दबाव आणतील तर त्यांचे ऐकू नये, परंतु या जगात त्यांच्याशी भलेपणानेच वागावे. श्रद्धेच्या बाबतीत ठामपणा आणि नात्याच्या बाबतीत कोमलता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळणे हे ईमानवाल्याचे कर्तव्य आहे.

टिळकांनी वियोगाच्या काळात दुसरा विवाह केला नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरला त्यांच्याकडे परतल्या, परंतु आपला धर्म घेऊनच परतल्या. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे कडक होते. टिळकांनी त्यांना भाग पाडले नाही. पुढे राहुरीला असताना लक्ष्मीबाईंच्या मनात स्वतःचाच विचार जागा झाला. माणसामाणसांतील उच्चनीचता परमेश्वराने निर्माण केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि त्यांच्या सोवळ्याची भिंत त्यांच्याच हातांनी कोसळली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीने केले म्हणून पत्नीने केले, असे ते नव्हते.

पुढील आयुष्य टिळकांनी अहमदनगरात अध्यापन, धर्मोपदेश आणि काव्य यांत व्यतीत केले. मराठी ख्रिस्ती उपासनेत गायिली जाणारी शंभराहून अधिक गीते त्यांची आहेत. फुलांवर आणि मुलांवर त्यांनी लिहिलेल्या कविता सर्व मराठी वाचकांनी आपल्या मानल्या. बालकवी ठोमरे यांना त्यांच्या घरी मायेचा आश्रय मिळाला. १९१२ पासून ते ज्ञानोदय या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. विदेशी पोशाखातील धर्म येथील माणसाच्या हृदयाला भिडत नाही, असे त्यांचे मत दृढ होत गेले. म्हणूनच १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या नोकरीचा आणि वेतनाचा त्याग केला आणि साताऱ्यास जाऊन देवाचा दरबार ही कल्पना मांडली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ईसा (अ.) यांच्या चरित्रावरील ख्रिस्तायन हे त्यांचे अपूर्ण काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या स्त्रीला जोडाक्षरे नीट लिहिता येत नव्हती, तिच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्राने मराठी गद्याला अनमोल ठेवा दिला.

आता आपल्या अकीद्याची बाब स्पष्ट मांडणे आवश्यक आहे. टिळकांनी ईसा (अ.) यांना ईश्वराचा पुत्र मानले, आपण त्यांना अल्लाहचे बंदे आणि रसूल मानतो. त्यांनी क्रूसावरील मृत्यूला तारणाचे साधन मानले, कुरआन सांगतो की त्यांना ना ठार केले गेले, ना सुळावर चढविले गेले, तर अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले. आज उपलब्ध असलेली शुभवर्तमाने अनुयायांनी लिहिलेली आहेत. अल्लाहने उतरविलेल्या इंजीलचा अंश त्यांत असू शकतो, परंतु संपूर्ण ग्रंथाला आपण वह्य मानत नाही. हा भेद लहान नाही आणि सौजन्यापोटी तो झाकून ठेवणेही योग्य नाही. एका निर्मात्याच्या विचारापर्यंत स्वतःहून पोहोचलेला हा माणूस शुद्ध तौहीदपर्यंत पोहोचला नाही, याचे आपल्याला दुःख वाटले पाहिजे. त्यांच्या अंतिम परिणामाचा निवाडा मात्र आपल्या हाती नाही. तो अल्लाहच्या हाती आहे.

त्या दुःखातूनच एक प्रश्न आपल्याला विचारावा लागतो. टिळक नाशिकला राहिले, नागपूरला राहिले, अहमदनगरला राहिले. या तिन्ही शहरांत मशिदी होत्या, अजान होत होती, मुसलमान वस्ती होती. जातिभेद न मानणारा आणि एका निर्मात्याची उपासना करणारा दीन त्यांच्या शेजारी नांदत होता. परंतु त्यांच्या जीवनाला वळण लावणारे पुस्तक त्यांच्या हाती ठेवले, ते एका अनोळखी सहप्रवाशाने. दावत म्हणजे वादविवाद जिंकणे नव्हे. समोरच्याच्या भाषेत, सन्मानाने आणि निःस्वार्थपणे सत्य त्याच्यापर्यंत पोहोचविणे म्हणजे दावत. मराठीतून दीन सांगण्याचे काम आपण किती उशिरा आणि किती अपुरे केले, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा.

दुसरा बोध आपल्या घरांसाठी आहे. आज बेसा असो वा सीताबर्डी, आपली मुले सर्व धर्मांच्या मुलांसमवेत शिकतात. त्यांपैकी काही मिशनच्या शाळांत जातात आणि येशूच्या गोष्टी ऐकून घरी प्रश्न विचारतात. त्यांना रागावून गप्प करू नये. आपणही त्यांना मानतो, असे प्रथम सांगावे आणि सूरह मरयम अर्थासह वाचून दाखवावी. आपले आणि त्यांचे कोठे जुळते आणि कोठे जुळत नाही, हे शांतपणे समजावून द्यावे. वारशाने मिळालेले ईमान ही मोठी नेमत आहे, परंतु समजून न घेतलेले ईमान खडकावरील रोपासारखे पहिल्या उन्हात सुकू शकते. एक ब्राह्मण शोधक दुसऱ्याला दिलेल्या वचनासाठी परका ग्रंथ शेवटपर्यंत वाचतो, आणि आपल्या घरी कुरआन कपड्यात बांधून उंच कपाटावर राहतो, ही स्थिती आपण बदलली पाहिजे.

अल्लाह तआला आपल्या हृदयाची जमीन सुपीक करो, आपल्या मुलाबाळांना समजून-उमजून ईमानवर कायम राखो आणि सर्व सत्यशोधकांना हिदायतचा सरळ मार्ग दाखवो. आमीन.