लहुजी वस्ताद साळवे : शस्त्रविद्या कोणाला शिकवता येते?

उद्दिष्टे

या पाठाचे अध्ययन केल्यानंतर तुम्हांला
• लहुजी वस्ताद साळवे यांच्या जीवनकार्याचा परिचय करून देता येईल.
• तालीम व दांडपट्टा यांच्या शिक्षणपद्धतीचे स्वरूप सांगता येईल.
• स्वसंरक्षणाची विद्या कोणालाही शिकवता येते का, या प्रश्नाची लहुजींच्या चरित्राच्या आधारे चर्चा करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पुण्यातील नारायण पेठ तुमच्यापैकी अनेकांना केसरीवाड्यामुळे ठाऊक असेल. या पेठेला ज्यांचे नाव मिळाले, ते नारायणराव पेशवे ३० ऑगस्ट १७७३ रोजी पेठेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या शनिवारवाड्यात मारले गेले. मारेकरी बाहेरून चालून आलेले शत्रू नव्हते. ते पेशव्यांच्याच चाकरीतील गारदी होते. नारायणरावांचे वय त्या वेळी अठरा वर्षांचे होते. वाड्याला भक्कम तट होता, दरवाजांवर पहारे होते, पदरी हत्यारबंद माणसे होती. तरीही धन्याचा जीव वाचला नाही. दुसऱ्याच्या हातातील शस्त्रावर विसंबून राहणे आणि स्वतःचे रक्षण करता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

मग स्वतःचे रक्षण करण्याची विद्या कोणालाही शिकवता येते काय? या प्रश्नाला दोन बाजू आहेत. पहिली बाजू क्षमतेची : अशक्त, भित्रा किंवा ज्याच्या घरात शस्त्राची परंपरा नाही असा मनुष्य ही विद्या आत्मसात करू शकेल काय? दुसरी बाजू अधिकाराची : ज्याला समाजाने तालमीच्या दारातही उभे राहू दिले नाही, त्याला ती कोण शिकवणार? आपण बहुधा पहिल्या बाजूचाच विचार करतो. लहुजी साळवे यांचे चरित्र मात्र आपल्याला दोन्ही बाजूंचा विचार करायला लावते. म्हणून या पाठात आपण ते अभ्यासणार आहोत.

२. जन्म आणि घराणे

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ रोजी पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या पेठ या गावी, मातंग समाजातील साळवे घराण्यात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव राघोजी. घराण्यात शस्त्रविद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती आणि गडाच्या राखणीशी तिचा संबंध होता, अशी परंपरा सांगितली जाते. दांडपट्टा, तलवार, भाला, घोडेस्वारी आणि नेमबाजी यांचे धडे लहुजींना वडिलांकडून मिळाले.

येथे एका समजाकडे तुमचे लक्ष वेधणे आवश्यक आहे. असे घराणे पाहिले की शौर्य रक्तातच असते, असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः राघोजींनी मुलाला वारशात दिला तो रोजचा सराव. पहाटे उठून गुरूसमोर उभे राहणे, तीच चाल शंभर वेळा करणे, चुकल्यास पुन्हा पहिल्यापासून आरंभ करणे, हे ज्याच्या वाट्याला लहानपणापासून येते त्याचे शरीर तसे घडते. रक्ताचे म्हणून जे श्रेय दिले जाते, त्याचा मोठा भाग या सरावाचा असतो. प्रतापगडावर १६५९ मध्ये सय्यद बंडाचा वार अडवून शिवाजी महाराजांना वाचवणारे जिवा महाला हे नाभिक समाजातील होते, याचे येथे स्मरण ठेवावे.

३. खडकीची लढाई

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी येथे पेशव्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज यांची गाठ पडली. पेशव्यांचे सैन्य संख्येने कित्येक पटींनी मोठे होते. तरीही त्यांचा पराभव झाला. १७ नोव्हेंबर रोजी शनिवारवाड्यावर कंपनीचे निशाण चढले. खडकीच्या लढाईत राघोजी साळवे धारातीर्थी पडले, असे साळवे घराण्याच्या इतिहासात सांगितले जाते. लहुजी त्या वेळी बावीस वर्षांचे होते.

या पराभवाचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. राघोजींसारख्या निष्णात योद्ध्याच्या कौशल्यात काही उणे नव्हते. परंतु कवायती पलटण एका हुकमाने बंदुकांची फैर झाडते, तेव्हा एकेकट्या वीराचे कसब अपुरे पडते. विद्या परिणामकारक आहे की नाही, हे ती कोणाविरुद्ध आणि कोणत्या प्रसंगी वापरायची आहे यावरही अवलंबून असते. लहुजींनी पुढे आपल्या शिष्यांना पट्ट्याबरोबरच नेमबाजीही शिकवली, ही गोष्ट या दृष्टीने महत्त्वाची आहे.

४. तालमीचे दार

पेशवाई बुडाल्यानंतर लहुजींनी पुण्यातील गंज पेठेत तालीम चालवली आणि ते वस्ताद म्हणून प्रसिद्धीस आले. या गोष्टीचे महत्त्व कळण्यासाठी त्याआधीची स्थिती तुम्ही लक्षात घेतली पाहिजे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा एक निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने बाजीरावाच्या काळातील एक भयंकर गोष्ट नोंदवली आहे. या जातींतील कोणी तालीमखान्यावरून गेला, तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या मस्तकाचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळ मांडला जाई, असे ती सांगते.

ज्या शहरात तालमीवरून चालत जाणे हाच प्राणांतिक अपराध होता, त्याच शहरात त्याच समाजातील एक पुरुष काही वर्षांतच तालमीचा वस्ताद झाला आणि इतर जातींचे तरुण त्याच्या पायाला हात लावून आखाड्यात उतरू लागले. लहुजींच्या चरित्रातील सर्वांत मोठी घटना हीच होय. आजवर ही विद्या आपल्याला येणार नाही असे ज्यांना सांगितले गेले, त्यांना ती शिकूच दिलेली नव्हती. आणि पुढे त्या न शिकण्यालाच त्यांच्या नालायकीचा पुरावा मानले गेले. लहुजींच्या तालमीने हा पुरावा खोटा ठरवला.

५. शिक्षणाची पद्धत

त्या काळच्या तालमीत नवशिक्याच्या हाती लगेच शस्त्र दिले जात नसे. आरंभी तांबड्या मातीच्या हौद्यात अंग घुसळणे, जोर, बैठका आणि कुस्ती होई. त्यानंतर लाठी व फरीगदगा, म्हणजे चामड्याची ढाल आणि लाकडी सोटा, यांचा खेळ येई. चूक झाली तर अंगावर वळ उठे, जीव जात नसे. या सोयीमुळे शिष्याला अनेकदा हरता येई, आणि हरता हरता तो शिकत असे.

यानंतर पट्टा हाती येई. दांडपट्ट्याचे पाते लांब, सरळ आणि लवचीक असते. मुठीवर कोपरापर्यंत पोहोचणारे लोखंडी आवरण असल्यामुळे मनगट वळवता येत नाही. साहजिकच वाराचा जोर खांद्यातून, कमरेतून आणि पावलांतून काढावा लागतो. पट्टेकरी सतत फिरत राहतो आणि भोवती पात्याचे कडे उभे करतो. केवळ दांडगाईने पट्टा फिरवू पाहणारा स्वतःलाच जखमी करून घेतो. तोल आणि अंतर ज्याला कळते, तो किरकोळ देहाचा असला तरी वार साधतो. तळहातावर ठेवलेले लिंबू हाताला इजा न होता कापणे ही पट्टेकऱ्याच्या कसबाची जुनी कसोटी आहे. तिच्यात ताकदीपेक्षा संयमाची परीक्षा अधिक असते, हे तुमच्या लक्षात येईल.

६. शिष्य आणि शाळा

जोतीराव फुले (१८२७–१८९०) तरुणपणी लहुजींकडे दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’ या ग्रंथात त्यांनी स्वतःच तसा उल्लेख केला आहे. इंग्रजांचे राज्य घालवावे ही त्या वयातील प्रेरणा होती. पुढे जोतीरावांचे विचार बदलले आणि त्यांनी विद्येच्या प्रसाराचा मार्ग धरला. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. या शाळांना मुले मिळवून देण्याचे काम लहुजींनी केले. वस्तीत त्यांच्या शब्दाला वजन होते. मुलांना शाळेत पाठवा, असे आईबापांना पटवून देण्यासाठी ते वजन त्यांनी खर्च केले.

आयुष्यभर शस्त्र शिकवणारा वस्ताद मुलांना पाटी-पुस्तकाकडे का वळवतो, यावर तुम्ही विचार करावा. अंगावर चालून आलेल्याला पट्ट्याने थोपवता येते. परंतु कागदावर लिहिलेल्या अन्यायाला पट्टा पुरत नाही. मुक्ता साळवेने गुलटेकडीचा अत्याचार लिहून ठेवला, म्हणून तो आज आपल्याला ठाऊक आहे. संरक्षणाच्या विद्येत अक्षरविद्येचाही समावेश होतो, हे लहुजींच्या या कृतीतून दिसते.

७. कसोटीचे दोन प्रसंग

पहिला प्रसंग १८५६ मधील आहे. जोतीरावांचा वध करण्यासाठी पैसे देऊन पाठवलेले दोन मारेकरी रात्री त्यांच्या घरात शिरले. जोतीराव जागे झाले. त्यांनी शस्त्र उचलले नाही. न डगमगता त्यांनी मारेकऱ्यांची विचारपूस केली आणि आपल्या मरणाने त्यांच्यासारख्या गरिबांचे भले होणार असेल, तर आपली हरकत नाही, असे सांगितले. मारेकरी खजील झाले. पुढे त्यांच्यापैकी धोंडिराम कुंभार हे सत्यशोधक विचारांचे अभ्यासक झाले, तर रोडे रामोशी जोतीरावांचे रक्षक झाले. दांडपट्टा शिकलेल्या माणसाने दांडपट्टा न वापरता आपला प्राण वाचवला. त्या रात्रीच्या धैर्याचे सारे श्रेय तालमीला देता येणार नाही. तथापि ऐन संकटात भान न सुटणे, श्वास व आवाज ताब्यात ठेवणे हाच तालमीचा पहिला धडा असतो, हेही विसरता येत नाही.

दुसरा प्रसंग वासुदेव बळवंत फडके (१८४५–१८८३) यांचा आहे. त्यांचीही गणना लहुजींच्या शिष्यांत केली जाते. लष्करी हिशेबखात्यातील या कारकुनाने फेब्रुवारी १८७९ मध्ये रामोशी साथीदारांसह सरकारविरुद्ध सशस्त्र उठाव केला. जुलै महिन्यात ते पकडले गेले. एडनच्या तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचे निधन झाले. लेखणी चालवणारा हात शस्त्रही चालवू शकतो, हे त्यांनी दाखवले. मात्र साम्राज्याच्या सामर्थ्यापुढे थोड्या माणसांचे शौर्य टिकले नाही. खडकीचा धडा येथे पुन्हा समोर आला.

८. अखेरचा काळ

१८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे हा गुन्हा ठरला. पट्टा हळूहळू रणांगणातून मिरवणुकीत आणि मर्दानी खेळांत गेला. विद्येचा उपयोग आटत चाललेला असा काळ पाहत लहुजींनी १७ फेब्रुवारी १८८१ रोजी देह ठेवला. त्यांची समाधी पुण्यातील संगमवाडी येथे आहे. गंज पेठ आज महात्मा फुले पेठ या नावाने ओळखली जाते. वस्तादांच्या पेठेला शिष्याचे नाव मिळाले.

९. समारोप

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. शस्त्रविद्या कोणालाही शिकवता येते, असे उत्तर लहुजींचे चरित्र देते. परंतु तीन अटींसह. शिकणाऱ्याला दार उघडे असले पाहिजे. सरावाला वर्षे दिली पाहिजेत. चार दिवसांत शिकवून तयार करण्याचे आश्वासन देणारा वस्ताद नव्हे. आणि शिकलेल्या विद्येची मर्यादा ओळखता आली पाहिजे. पहिल्या दोन अटी पुऱ्या झाल्या, तर जन्म आणि शरीरयष्टी फारशी आड येत नाही. नारायण पेठेतील केसरीवाड्यात पुढे राहणारे लोकमान्य टिळक लहानपणी प्रकृतीने अशक्त होते. डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून त्यांनी व्यायामाला दिले आणि ती शिदोरी त्यांना मंडालेच्या तुरुंगवासापर्यंत पुरली.

तिसरी अट मात्र सर्वांत अवघड आहे. पट्टा केव्हा चालवावा हे शिकवता येते. तो केव्हा खाली ठेवावा आणि मुलाच्या हाती पाटी केव्हा द्यावी, हे लहुजींनी स्वतः करून दाखवले. म्हणूनच वस्ताद ही पदवी त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. मुक्ता साळवे यांच्या निबंधातील तालीमखान्याच्या उल्लेखाच्या पार्श्वभूमीवर लहुजींच्या तालमीचे महत्त्व स्पष्ट करा.
२. दांडपट्ट्याच्या रचनेमुळे पट्टेकऱ्याला कोणती कौशल्ये आत्मसात करावी लागतात?
३. १८५६ चा प्रसंग हे स्वसंरक्षणाचे उदाहरण मानता येईल काय? तुमचे मत कारणांसह लिहा.
४. तुमच्या गावातील एखाद्या तालमीला भेट द्या. तेथे आज कोण शिकते आणि कोण शिकत नाही, याचे निरीक्षण पंधरा ओळींत नोंदवा.