लायब्ररी सापडत नाही? मग ग्रेस हॉपर यांना भेटा

मागच्या महिन्यात जुन्या लॅपटॉपवर उबंटू टाकलं आणि एक छोटं सॉफ्टवेअर सोर्स कोडवरून कंपाइल करायला बसलो. लगेच एरर: झेडलिब डॉट एच फाइल सापडत नाही. गंमत म्हणजे झेडलिब माझ्या सिस्टिममध्ये आधीपासून होती! रात्री दीडपर्यंत डोकं खाजवलं. (फोनवर ही कटकट सहसा दिसत नाही, कारण अ‍ॅप लागणाऱ्या बऱ्याच लायब्रऱ्या स्वतःच्या एपीके फाइलमध्येच घेऊन येतं.) घोळ नीट कळला तो ग्रेस हॉपर यांच्याबद्दल वाचताना.

जन्म ९ डिसेंबर १९०६, न्यूयॉर्क. लहानपणी आतली यंत्रणा बघायला त्यांनी घरातली सात गजराची घड्याळं खोलली होती. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी, शिवाय व्हॅसार कॉलेजात शिकवणं. दुसऱ्या महायुद्धात त्या नौदलात शिरल्या. वजन नियमापेक्षा कमी भरत होतं, खास सवलत मिळवावी लागली. १९४४ मध्ये नेमणूक झाली हार्वर्डच्या मार्क १ वर. जवळपास साडेपंधरा मीटर लांबीचं गणकयंत्र!

तिथे साइन काढण्यासारखी गणितं पुन्हा पुन्हा लागायची. मग सहकारी एकमेकांच्या वहीतून तयार कोडचे तुकडे हाताने उतरवून घ्यायचे. उतरवताना चुका व्हायच्या, आणि नव्या प्रोग्रॅममध्ये जागा बदलली की सगळे पत्ते पुन्हा बेरीज करून लिहावे लागायचे. त्यातही चुका. हॉपर यांना वाटलं, हे हमालीचं काम यंत्रालाच का देऊ नये?

१९५२ मध्ये त्यांनी युनिव्हॅकसाठी ए-० बनवलं. तुकडे टेपवर ठेवले, प्रत्येकाला क्रमांक दिला. प्रोग्रॅमरने फक्त क्रमांक लिहायचे. तुकडे शोधून, पत्ते बदलून, जोडून द्यायचं काम यंत्राचं. त्याला त्या कंपायलर म्हणायच्या, पण आजच्या भाषेत ते काम लिंकरच्या जास्त जवळचं आहे. संगणक फक्त आकडेमोड करतो असं मानणाऱ्यांना हे पटायला बराच वेळ लागला.

आता माझी एरर बघा. झेडलिबचा चालणारा भाग होता, पण कंपायलरला लागणारी तिची ओळखपत्रं, म्हणजे हेडर फाइल्स, नव्हत्या. लिनक्सवर त्या बऱ्याचदा वेगळ्या पॅकेजात असतात: उबंटूवर नावाच्या शेवटी डेव्ह, फेडोरावर डेव्हल. मी झेडलिब१जी-डेव्ह टाकलं, काम फत्ते. एररमध्ये -एलझेड सापडत नाही असं आलं, तर तो लिंकर बोलतोय. पहिला एल काढा, सुरुवातीला लिब लावा, म्हणजे लिबझेड शोधा. आणि कंपाइल होऊनही प्रोग्रॅम सुरू होत नसेल तर एलडीडी कमांड चालवा. कोणती लायब्ररी हरवलीये ते कळतं. ती स्वतः बनवून यूएसआर-लोकल-लिब फोल्डरमध्ये टाकली असेल, तर सुडो लावून एलडीकॉन्फिग चालवा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. नेटवरून कुठलीतरी डॉट एसओ फाइल आणून सिस्टिम फोल्डरमध्ये कोंबू नका. मी कोंबली होती, दुसरीच दोन अ‍ॅप्स बसली.

हॉपर पुढे इंग्रजी शब्दांत प्रोग्रॅम लिहिता येणाऱ्या फ्लो-मॅटिककडे वळल्या, आणि १९५९ मध्ये सुरू झालेल्या कोबोलच्या रचनेवर त्याचा मोठा प्रभाव पडला. बाकी, पतंगाचा पहिला बग त्यांनी शोधला ही फॉरवर्ड तुम्हालाही आली असेल. १९४७ मध्ये मार्क २ मध्ये पतंग सापडला खरा, पण शोधणारे त्यांचे सहकारी होते. हॉपर यांनी तो किस्सा सगळीकडे सांगून गाजवला.

नौदलाने १९६६ मध्ये त्यांना निवृत्त केलं आणि पुढच्याच वर्षी परत बोलावलं. शेवटी १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या रिअर अ‍ॅडमिरल म्हणून बाहेर पडल्या. भाषणांत त्या साधारण ३० सेंटिमीटरच्या तारा वाटायच्या: प्रकाश एका नॅनोसेकंदात जेवढं अंतर कापतो तेवढ्या. १ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांची समाधी आहे.