डॉ. ल्यूसी विल्स : मुंबईच्या मातांची संशोधिका

गरोदर स्त्रीला दवाखान्यातून मिळणारी फॉलिक ॲसिडची गोळी आपल्या परिचयाची आहे. तिच्या शोधाचा एक धागा मुंबईच्या गिरणगावाशी जुळलेला आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

डॉ. ल्यूसी विल्स यांचा जन्म १८८८ साली इंग्लंडमध्ये झाला. केंब्रिज येथे त्यांनी शिक्षण घेतले. परंतु त्या काळी तेथे स्त्रियांना पदवी मिळत नसे. पुढे १९२० साली लंडन येथे त्या डॉक्टर झाल्या.

१९२८ साली त्या मुंबईस आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर स्त्रिया तीव्र रक्तक्षयाने दगावत होत्या. हाफकिन संस्थेत संशोधन करताना या आजाराचे मूळ निकृष्ट आहारात आहे, हे डॉ. विल्स यांनी ओळखले. यीस्टच्या स्वस्त अर्काने रुग्ण बरे होतात, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातील अज्ञात घटक ‘विल्स घटक’ म्हणून ओळखला गेला. पुढे तो ब गटातील फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व ठरला.

फेफऱ्याच्या काही औषधांमुळे शरीरातील हे जीवनसत्त्व घटते, असे नंतर आढळले. गर्भधारणेपूर्वीपासून ते घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूतील व्यंगाचा धोका कमी होतो, हेही १९९१ साली सिद्ध झाले. म्हणून फेफरे असलेल्या भगिनींनी भीतीपोटी औषध परस्पर बंद करू नये. मूल होऊ देण्याआधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

१९६४ साली डॉ. विल्स निवर्तल्या. गरिबाच्या ताटात काय उणे आहे, हे पाहणारी त्यांची दृष्टी आजही मातांचे प्राण राखीत आहे.