स्वामी कुवलयानंद : योगाला प्रयोगशाळेत नेणारे साधक

बुद्धिदात्या गणरायाच्या या उत्सवात यंदा आम्ही अशा एका साधकाचे स्मरण करीत आहोत, ज्यांनी श्रद्धा आणि चिकित्सा यांना एकाच घरात नांदवले. ते म्हणजे लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद.

त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, गुजरातेतील डभोई येथे. घरची परिस्थिती बेताची, पण संस्कृतात गती अशी की मॅट्रिकला त्यांनी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. बडोद्याला प्रा. माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी शरीर कमावले. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावून राष्ट्रीय शिक्षणाचे व्रत घेतले आणि अमळनेरला अध्यापन केले. १९१९ साली नर्मदाकाठच्या मालसर येथे त्यांना परमहंस माधवदासजी महाराजांकडून योगाचे शिक्षण मिळाले. ज्या नर्मदेचे पाणी आम्हा इंदूरकरांच्या नळाला येते, तिच्याच काठी पुढे खाली हे गाव आहे.

गुरूंवर त्यांची पूर्ण श्रद्धा होती. तरीही योगक्रियेच्या वेळी शरीरात नेमके काय घडते, हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडेना. १९२०च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांची एक्स-रेच्या साहाय्याने तपासणी केली. ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू झाले आणि त्याच वर्षी तिथले प्रयोग लोकांपुढे मांडणारे ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही निघाले. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवले आणि त्या निर्वात स्थितीला गुरूंचे नाव दिले. पुढे महात्मा गांधींनीही आपल्या रक्तदाबासाठी त्यांचा सल्ला घेतला.

आम्हाला त्यांचे सर्वांत मोठेपण वाटते ते एका वेगळ्याच गोष्टीत. प्राणायामाने शरीरात भरपूर प्राणवायू जातो, असा तेव्हाही सर्वांचा समज होता. स्वामीजींच्या मोजमापात तो टिकला नाही. प्राणायामाचे महत्त्व दुसरीकडे आहे, हे त्यांनी उघडपणे लिहिले. योगाचा प्रसार हेच ज्यांचे जीवनकार्य, त्यांनी योगाविषयीची एक लाडकी समजूत स्वतःच बाजूला ठेवली.

आसनांवरील लेखनात त्यांनी शरीरातल्या ग्रंथींचाही विचार केला. सर्वांगासनाचा संबंध त्यांनी गळ्यातील थायरॉइडशी जोडला, तर शीर्षासनाच्या विवेचनात मेंदूतल्या पिट्युटरी आणि पिनियल ग्रंथी आल्या. डोके खाली केल्याने त्यांना रक्तपुरवठा चांगला होतो, असा त्यांचा विचार होता. पिनियल नेमके काय करते, हे तेव्हा जगात कोणालाच उलगडले नव्हते. तिच्यातील मेलॅटोनिन हे द्रव्य अमेरिकेत ॲरन लर्नर यांनी १९५८ मध्ये वेगळे केले. स्वामीजी तेव्हा पंचाहत्तरीत होते. १८ एप्रिल १९६६ रोजी ते निवर्तले.

त्यानंतरचा उलगडा त्यांना नक्की आवडला असता. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या किंचित वर सुमारे २०,००० पेशींचे एक घड्याळ आहे. डोळ्यांतून उजेडाची वर्दी तिथे पोहोचते, तेव्हा पेप्टाइड नावाचे छोटे प्रथिनांश निरोप्याचे काम करतात. त्यातल्या एकाचे संक्षिप्त नाव गमतीने ‘व्हीआयपी’च आहे. त्याच्यामुळे या हजारो पेशी एका तालात चालतात, जशी ढोलपथकातली टिपरी. या घड्याळाचा हुकूम पाठीच्या कण्यातून मानेतल्या मज्जागाठीपर्यंत जातो आणि तिथून वर पिनियलकडे येतो. अंधार पडला की तांदळाच्या दाण्याएवढी ही ग्रंथी मेलॅटोनिन सोडते आणि शरीराला रात्र झाल्याचे कळते. रात्री डोळ्यांवर प्रखर उजेड पडला की तिचे काम मंदावते.

म्हणजे पिनियलचे वेळापत्रक रक्तपुरवठ्यावर नव्हे, तर उजेड-अंधारावर चालते. स्वामीजींच्या अनुमानात ही दुरुस्ती करावी लागते आणि त्यात त्यांचा अनादर नाही. प्राणवायूच्या बाबतीत त्यांनी स्वतः हेच केले होते.

आमच्या विजय नगरात रात्री अकरालाही दिवस मावळत नाही. चौकातले दिवे, दुकानांच्या पाट्या आणि अंथरुणातला मोबाइल. मुलांना सकाळी शाळेसाठी उठवावे लागते आणि आजोबांना पहाटेपर्यंत झोप लागत नाही. अशा वेळी अमुक आसनाने तिसरा डोळा उघडतो आणि झोप सुधारते, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. आसने जरूर करावीत. पण त्याआधी रात्रीचा दिवा आणि हातातला मोबाइल बंद करून सकाळच्या उन्हात दहा-पंधरा मिनिटे फिरावे. पंधरवडाभर झोपेची वेळ वहीत लिहून ठेवावी आणि फरक पडतो का ते स्वतः पाहावे.

करून पाहावे, मोजावे आणि मगच मानावे, हीच स्वामीजींची शिकवण होती. ती घरोघरी रुजावी, हीच गणरायाचरणी आमची प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!