लिव्हिंग्स्टनचा मृतदेह १,६०० किलोमीटर चालत आणणाऱ्या तांड्यात नाशिकच्या शाळेतला एक मुलगा होता

नाशिकमध्ये राहून शरणपूर रोड माहीत नाही, असा माणूस सापडणं अवघड. रोज हजारो गाड्या या रस्त्याने जातात. पण या शरणपूरचा एक धागा थेट आफ्रिकेच्या जंगलात आणि तिथून लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत जातो, हे फार कमी लोकांना माहितीये.

हा धागा म्हणजे जेकब वेनराइट. जन्म आफ्रिकेतला, शिक्षण नाशिकचं आणि नाव इंग्रजी.

डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा एकोणिसाव्या शतकातला सगळ्यात गाजलेला संशोधक. त्याचा मृत्यू आफ्रिकेच्या ऐन मध्यावर झाला, तेव्हा जवळपास एकही युरोपियन नव्हता. त्याचा मृतदेह त्याच्या आफ्रिकन सोबत्यांनी खांद्यावरून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. त्या सगळ्या प्रवासाची लेखी नोंद ठेवणारा माणूस म्हणजे हा जेकब.

आफ्रिकेतली मुलं नाशिकला आली कशी?

तर झालं असं की, त्या काळात पूर्व आफ्रिकेतून माणसं पकडून, गुलाम म्हणून जहाजांत भरून अरबस्तान आणि आखाताकडे विकायला नेली जायची. ब्रिटिश गस्ती जहाजं ही गलबतं अडवायची आणि आतल्या लोकांची सुटका करायची. पण सुटका झालेल्यांना ठेवायचं कुठे? ज्या गावातून पकडून आणलं, तिथे परत सोडलं तर पुन्हा पकडले जाण्याची भीती. म्हणून त्यातले बरेच जण एडनला आणि मुंबईला उतरवले जायचे. अनेक लहान मुलं मिशनऱ्यांच्या ताब्यात दिली जायची.

चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५० च्या दशकात नाशिकजवळ एक वसाहत उभी केली. शरण आलेल्यांचं गाव म्हणून ते शरणपूर. इथेच सुटका झालेल्या आफ्रिकन मुलांसाठी आश्रम चालायचा. मुलांना लिहा-वाचायला शिकवायचे, सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकवायचे. इतिहासात या मुलांना नासिक बॉईज किंवा बॉम्बे आफ्रिकन्स म्हणतात.

जेकब त्यांच्यातलाच एक. तो याओ समाजातला. आजच्या मलावीच्या बाजूचा हा समाज. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला, सुटला आणि नाशिकला आला. त्याचं मूळ नाव मागे पडलं. जेकब वेनराइट हे नाव मिशनमध्ये मिळालं. इथे तो उत्तम इंग्रजी लिहायला शिकला. आणि पुढे हीच गोष्ट त्याचं आयुष्य बदलणारी ठरली.

लिव्हिंग्स्टन आणि नाशिकचं नातं

जेकबच्या आधीही नाशिकची मुलं लिव्हिंग्स्टनसोबत गेली होती. १८६५ मध्ये लिव्हिंग्स्टन शेवटच्या मोहिमेच्या तयारीसाठी मुंबईत आला. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता सर बार्टल फ्रेअर. त्याची लिव्हिंग्स्टनला मोठी मदत झाली. मोहिमेसाठी नाशिकच्या आश्रमातली नऊ मुलं तयार झाली. आधीच्या मोहिमेत गुलामगिरीतून सुटलेला आणि मुंबईच्या शाळेत राहिलेला चुमा हा मुलगाही सोबत निघाला. मुंबईच्या मरीन बटालियनचे काही शिपाईही होते.

१८६६ च्या सुरुवातीला हे लोक झांझिबारला पोहोचले. लिव्हिंग्स्टनला शोधायचा होता नाईल नदीचा उगम. त्याचा अंदाज होता की तो खूप दक्षिणेला असावा. अंदाज चुकीचा होता. ज्या लुआलाबा नदीला तो नाईलचा वरचा भाग समजत होता, ती प्रत्यक्षात काँगो नदीची निघाली. पण हे सिद्ध झालं त्याच्या मृत्यूनंतर.

पुढे काही वर्षं त्याची धड बातमीच येईना. नोव्हेंबर १८७१ मध्ये अमेरिकन वृत्तपत्राचा बातमीदार हेन्री स्टॅन्ली त्याला टांगानिका सरोवराकाठच्या उजीजीत भेटला. लिव्हिंग्स्टनने परत यायला नकार दिला. मग स्टॅन्लीने किनाऱ्यावर येऊन त्याच्यासाठी माणसांची एक तुकडी पाठवली. १८७२ च्या या तुकडीत नाशिकहून आलेली मुलं होती. जेकब वेनराइट, कॅरस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन ही त्यातली काही नावं. ऑगस्ट १८७२ मध्ये ही तुकडी लिव्हिंग्स्टनला जाऊन मिळाली आणि काही दिवसांतच सगळे दक्षिणेकडे निघाले.

आणि मग पाऊस सुरू झाला

आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर. पण विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या झांबियात, पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो. लिव्हिंग्स्टनची तुकडी बांगवेउलू सरोवरापाशी पोहोचली ती नेमकी याच काळात.

बांगवेउलू म्हणजे नुसतं सरोवर नाही. त्याच्याभोवती प्रचंड दलदल आहे. पावसाळ्यात पाणी पसरतं आणि सरोवर कुठे संपलं, जमीन कुठे सुरू झाली, हे कळत नाही. त्यात लिव्हिंग्स्टनची मोजमापाची उपकरणं बिघडलेली. त्यामुळे आपण नक्की कुठे आहोत याचा हिशेबच चुकला. १८७३ चे पहिले महिने हे लोक कमरेएवढ्या पाण्यातून चालत होते. सामान डोक्यावर, कपडे कायम ओले, आजूबाजूच्या गावांत धान्य मिळेना. लिव्हिंग्स्टनला आधीपासून पोटाचा आजार होता. रक्तस्राव वाढत गेला. आधी सोबती त्याला खांद्यावर बसवून पाण्यातून न्यायचे. एप्रिलमध्ये चालणंच बंद झालं, तेव्हा त्यांनी डोली बांधली.

चितांबो नावाच्या सरदाराच्या गावात त्याच्यासाठी झोपडी उभारली. तिथे एका पहाटे तो बिछान्याशेजारी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत सापडला. ही तारीख साधारणपणे १ मे १८७३ मानली जाते.

तिथेच पुरायचं की घेऊन जायचं?

आता साठेक माणसांसमोर प्रश्न उभा राहिला. साहेब गेला. पगार देणारा कोणी नाही. समुद्र शेकडो मैल दूर. मृतदेह घेऊन फिरणाऱ्या परक्यांना त्या मुलखात कोणी सहज वाट देणार नव्हतं. मृतदेह म्हणजे अपशकुन आणि कुणी मेल्यावर सरदाराने जबर दंड मागायचा धोकाही होता. गुपचूप तिथेच पुरून निघून गेले असते, तर त्यांना कोणी विचारणारंही नव्हतं.

पण त्यांनी ठरवलं, घेऊन जायचं. सुसी आणि चुमा या जुन्या सोबत्यांना सगळ्यांनी म्होरके मानलं. पहिलं काम जेकबला दिलं गेलं. लिव्हिंग्स्टनच्या पेट्या सगळ्यांसमोर उघडल्या आणि आत काय काय आहे याची यादी जेकबने लिहून काढली. उद्या चोरीचा आळ कोणावर यायला नको.

मृत्यू लपवायचा प्रयत्न टिकला नाही. चितांबोला कळलंच. पण त्याने दंड मागितला नाही. उलट गावाला बोलावून रीतीप्रमाणे शोक पाळला.

मग गावाबाहेर छप्पर नसलेली एक झोपडी बांधली. कॅरस फरार आणि फरजल्ला या दोघांनी शरीरातलं काळीज आणि आतडी काढली. ती एका डब्यात ठेवून झाडाखाली पुरली. त्या वेळी जेकबने ख्रिस्ती पद्धतीची अंत्यप्रार्थना वाचली. शरीराला मीठ लावून ते चौदा दिवस उन्हात वाळवलं, रोज कूस बदलून. पावसाळा सरत आला होता, म्हणून हे जमलं. ज्या हवामानाने माणूस नेला, त्याच हवामानाने पुढे त्याचा देह टिकवायला मदत केली.

देह कापडात गुंडाळून झाडाच्या सालीच्या नळकांड्यात ठेवला, वरून शिडाचं कापड शिवलं. निघण्याआधी जेकबने झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली. लिव्हिंग्स्टनचं नाव, मे १८७३ ची तारीख आणि तांड्यातल्या तीन प्रमुखांची नावं. त्याने कोरलेली तारीख ४ मे आहे, म्हणून मृत्यू नेमका कधी झाला यावर आजही चर्चा होते. पण त्याहून लक्षात राहणारी गोष्ट वेगळीच. कोरणारा जेकब होता, पण स्वतःचं नाव त्याने कोरलं नाही.

नऊ महिन्यांची वाट

पुढचा प्रवास सुमारे १,६०० किलोमीटरचा. सुरुवातीलाच बहुतेक जण आजारी पडले आणि तांडा जवळपास महिनाभर एका जागी अडकला. पुढे लुआपुला नदी होड्यांतून ओलांडली. एका गावात तर लढाई झाली.

ऑक्टोबर १८७३ मध्ये उन्यान्येंबे, म्हणजे आजच्या टांझानियातल्या टाबोरा भागाजवळ आल्यावर चुमा पुढे गेला. त्याच्याकडे जेकबने लिहिलेलं पत्र होतं. लिव्हिंग्स्टनच्या मुलाला लिहिलेलं, कारण तो मदतीला येतोय असं यांनी ऐकलं होतं. प्रत्यक्षात तिथे होता लेफ्टनंट कॅमेरून. लिव्हिंग्स्टन गेल्याची बातमी बाहेरच्या जगाला मिळाली ती अशी, नाशिकमध्ये शिकलेल्या मुलाच्या हस्ताक्षरातून.

कॅमेरूनने सुचवलं, इथेच पुरा. तांड्याने नाही म्हणून सांगितलं. पुढच्या वाटेवर गावकरी मृतदेह नेऊ देईनात, तेव्हा यांनी युक्ती केली. काटक्यांचा खोटा मृतदेह करून तो परत पाठवल्याचं दाखवलं आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढे नेला. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला, समुद्रकिनाऱ्यावर पोहोचले.

तिथे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी देह ताब्यात घेतला, माणसांचा पगार चुकता केला आणि त्यांना निरोप दिला. झालं. नऊ महिने खांद्यावर ओझं वाहणाऱ्यांचं काम तिथे संपलं.

लंडनमध्ये एकटा जेकब

देहासोबत इंग्लंडला गेला तो जेकब. त्याचा खर्च चर्च मिशनरी सोसायटीने केला. १५ एप्रिल १८७४ ला बोट साउदॅम्प्टनला लागली. आणलेला देह लिव्हिंग्स्टनचाच कशावरून? तर अनेक वर्षांपूर्वी सिंहाने चावून मोडलेलं दंडाचं हाड डॉक्टरांनी ओळखलं. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये अंत्यविधी झाला. शवपेटीचे मानकरी आठ होते. त्यात स्टॅन्ली होता, लिव्हिंग्स्टनचे जुने मित्र होते आणि त्यांच्यासोबत जेकब होता. सुसी आणि चुमा इंग्लंडला पोहोचले ते नंतर, अंत्यविधी होऊन गेल्यावर.

ॲबेमधल्या समाधीच्या दगडावर लिहिलंय की विश्वासू हातांनी हा देह जमीन आणि समुद्र ओलांडून इथे आणला. ते हात कोणाचे, हे मात्र लिहिलेलं नाही.

रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने सोबत्यांसाठी पदकं काढली. पण तोपर्यंत माणसं पांगली होती, त्यामुळे अनेकांपर्यंत ती पोहोचलीच नाहीत.

जेकबचं पुढे काय झालं?

इंग्लंडमध्ये काही काळ जेकबला बघायला, ऐकायला गर्दी व्हायची. मग तो पूर्व आफ्रिकेत परतला. १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ फ्रेअर टाउन ही वसाहत सुरू झाली. नाव त्याच बार्टल फ्रेअरचं, उभारणीत पुढाकार नाशिकच्याच प्राइसचा, आणि राहायला आले नाशिक-मुंबईत वाढलेले बॉम्बे आफ्रिकन्स. जेकबनेही मिशनचं काम केलं. शेवटी तो आजच्या टांझानियातल्या उरांबोत होता. १८९२ मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला. ना गर्दी होती, ना ॲबे.

ज्या झाडावर त्याने अक्षरं कोरली होती, ते १८९९ मध्ये तोडलं आणि कोरलेला भाग लंडनला नेला. त्याच्या डायरीचं जर्मन भाषांतर १८७० च्या दशकातच छापलं गेलं होतं. पण त्याच्या हातची मूळ इंग्रजी प्रत सगळ्यांना वाचता येईल अशी ऑनलाइन आली ती २०१९ मध्ये. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूच्या वेळी हजर असलेल्या माणसाने स्वतः लिहिलेली, हाती असलेली ही एकमेव डायरी मानली जाते.

म्हणजे लिव्हिंग्स्टनच्या अखेरची कथा जगाने जवळपास दीडशे वर्षं मुख्यतः इंग्रजांनी लिहिलेल्या पुस्तकांतून वाचली. आणि ती स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहिणारा होता गुलामगिरीतून सुटलेला, शरणपूरच्या वर्गात अक्षरं गिरवलेला एक मुलगा.

पुढच्या वेळी शरणपूर रोडच्या सिग्नलला थांबलात, तर ही पाटी एकदा नीट वाचा.