नजर गेली, हात थांबला नाही : चित्रकार देगा
एदगार देगा यांचा जन्म पॅरिसमध्ये १८३४ साली झाला. वडील बँकेच्या धंद्यातले, घर खातंपितं. पण १८७४ मध्ये वडील वारले अन् मागं कर्ज निघालं. भावाचं देणं फेडायला देगांनी घर विकलं, वारशानं आलेली चित्रंही विकली. आता चित्रावरच पोट.

त्यात नजर अधू होत चालली. मग त्यांनी पेस्टलवर, म्हणजे खडूसारख्या रंगकांडीवर भर दिला. ब्रश नको, रंग वाळायची वाट बघणं नको. पैसे देऊन बोलावलेल्या बाया समोर टपात अंग धुवायच्या, केस पुसायच्या. देगा त्यांना तशाच विवस्त्र, पाठमोऱ्या काढायचे. १८८६ च्या प्रदर्शनात लोकांनी नावं ठेवली. चित्रात देवी नव्हती, अप्सरा नव्हती. होती साधी, दमलेली बाई. देगांनी हात आखडला नाही.

१९१७ मध्ये ते गेले, तेव्हा जवळजवळ आंधळेच होते. त्या प्रदर्शनातलं टपातल्या बाईचं चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.