निजामशाहीसाठी तीन वर्षं झुंजलेले शहाजीराजे

चाकणच्या एमआयडीसीत ड्युटीला जाताना आपल्यापैकी अनेकजण संग्रामदुर्गाच्या जवळून जातात. किल्ला म्हटलं की फिरंगोजी नरसाळा आणि शाइस्ताखान आठवतात. पण त्याच्या आधी, शहाजीराजांचे वडील मालोजी भोसले यांना अहमदनगरच्या निजामशाहीकडून पुणे-सुप्याची जहागीर मिळाली होती. शिवनेरी आणि चाकणचे किल्लेही त्यांच्याकडे होते, असं सांगतात.

मालोजींनी अहमदनगरच्या हजरत शाह शरीफ यांच्या दर्ग्यात मन्नत मागितली आणि मुलांची नावं शहाजी व शरीफजी ठेवली, ही हकीकत आपले बुजुर्ग आजही सांगतात. दोघे भाऊ मलिक अंबरच्या फौजेत लढले. 1624 साली भातवडीच्या लढाईत विजय मिळाला, पण शरीफजी कामी आले.

1626 मध्ये मलिक अंबर वारले आणि दरबाराची घडी विस्कटली. 1629 मध्ये शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधव यांना निजामशहाच्या दरबारातच मारलं गेलं. राजे काही काळ मोगलांकडे गेले, मग तेही सोडलं.

1633 मध्ये दौलताबाद पडला. बाल निजामशहाला कैद करून ग्वाल्हेरला नेलं. सगळं संपलं असं वाटत असताना राजांनी संगमनेरजवळच्या पेमगिरी किल्ल्यावर निजामशाही घराण्यातल्या दुसऱ्या एका मुलाला, मुर्तझाला, गादीवर बसवलं आणि त्याच्या नावानं कारभार सुरू केला. सुरुवातीला विजापूरची मदतही मिळाली.

पण 1636 मध्ये शाहजहान स्वतः दख्खनेत उतरला. आदिलशहानं त्याच्याशी तह केला आणि दोघांनी निजामशाहीचा मुलूख वाटून घेतला. दोन्ही फौजा राजांच्या मागे लागल्या. शेवटी माहुलीच्या किल्ल्यावर त्यांना वेढा पडला. छोट्या मुर्तझाला मोगलांच्या हवाली करावं लागलं. राजे आदिलशाहीत गेले, बंगळूरला राहिले आणि 1664 मध्ये कर्नाटकात होदिगेरे इथं शिकारीत घोड्यावरून पडून वारले. त्यांची समाधी तिथंच आहे.

शाळेत इतिहास शिकवताना मुलं आम्हाला हळूच विचारतात की त्या लढायांत आपण कुणाच्या बाजूला होतो. तेव्हा आम्ही हीच गोष्ट सांगतो. निजामशाही बुडवणारे दोघेही मुसलमान बादशहा होते आणि तिच्यासाठी शेवटपर्यंत झुंजणारा भोसले घराण्यातला मराठा होता. त्यात राजकारण होतं, स्वार्थही असेल. पण बाजू धर्मावरून ठरल्या नव्हत्या. घरातल्या मुलांना हे आपणच सांगायला हवं. सुट्टीत त्यांना एकदा पेमगिरी दाखवा.